जुन्या संगणकावर बीएसडी बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत माळ्यावर किंवा पलंगाखालच्या कप्प्यात एखादा जुना संगणक पडून असतो. त्यातली विंडोज आता धड चालत नाही, ब्राउझर उघडायला मिनिटे लागतात, म्हणून तो बाजूला गेलेला असतो; यंत्र म्हणून मात्र तो बहुधा ठणठणीत असतो. अशा यंत्रांवर मुक्त-स्रोत, युनिक्सच्या घराण्यातल्या कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून पाहण्याचा छंद मला गेली काही वर्षे आहे. २००९ च्या सुमाराची एक नेटबुक, परदेशातून परतलेल्या नातेवाइकांनी दिलेला पेंटियम ४ चा डेस्कटॉप आणि एक रास्पबेरी पाय ३ (एकाच छोट्या पाटीवर मावणारा संगणक) एवढ्या भांडवलावर मी नौपाड्यातल्या आमच्या घराच्या बंद गॅलरीत सुरुवात केली. ज्या अडचणींत माझे आठवडे गेले, त्यांतल्या बऱ्याचशा कोणी आधी सांगितल्या असत्या तर एका संध्याकाळी सुटल्या असत्या. त्या इथे क्रमाने मांडते.

लिनक्सविषयी मराठीत थोडेफार वाचायला मिळते. बीएसडी (बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन) घराण्याविषयी फारच कमी मिळते, म्हणून भर त्यावर दिला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत वाढलेल्या युनिक्समधून १९९२ मध्ये विल्यम आणि लिन जॉलिट्झ यांची ३८६बीएसडी आली. तिच्यावरून १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी हे दोन प्रकल्प उभे राहिले आणि १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडीतून फुटून ओपनबीएसडी सुरू केली. तिघींचा स्वभाव वेगळा आहे आणि कोणत्या यंत्राला कोणती मानवेल हे त्या स्वभावावरच ठरते.

आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची आहेत. ‘डी-डी’ किंवा ‘आरई-०’ अशा नावांतली जोडरेघ फक्त वाचण्यासाठी आहे, ती टंकायची नाही; ‘बूट -सी’ सारखी, आधी मोकळी जागा असलेली रेघ मात्र टंकायची आहे.

१. आधी काय जमवायचे

साधने फार लागत नाहीत. एक चालू, भरवशाचा संगणक वेगळा हवा, कारण फाइली उतरवणे आणि अडल्यावर माहिती शोधणे प्रयोगाच्या यंत्रावर होणार नाही. त्याशिवाय ८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, एक लॅन केबल, यूएसबीचा वायरवाला कीबोर्ड, चार टोकांचे स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टीमीटर, सीआर२०३२ जातीचा नाण्याएवढा सेल आणि एक पांढरा खोडरबर एवढे घ्या. खोडरबर कशाला, ते पुढे येईल. रास्पबेरी पायसारखी पाटी वापरणार असाल तर यूएसबी-टीटीएल सिरियल कन्व्हर्टरही लागेल (तो कशाला, ते सातव्या भागात आहे).

आणि एक वही. फाइल नको, कागदाची वही, कारण ज्या क्षणी नोंद पाहायची गरज पडते त्या क्षणी संगणक बंदच असतो.

सुटे भाग ठाण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत मिळतात, पण जुन्या जातीची रॅम, आयडीई केबल (जुन्या डिस्कची रुंद, चपटी केबल) किंवा सिरियल कन्व्हर्टर हवे असतील तर लॅमिंग्टन रोड गाठलेला बरा: मध्य रेल्वेने दादर, तिथे बदलून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि पुढे चालत काही मिनिटे. रविवार टाळा, कारण त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात. रस्त्यावरच्या मांडणीतून मेमरी कार्ड घेऊ नका. ६४ जीबीचा शिक्का असलेले आणि आत प्रत्यक्षात ८ जीबी असलेले कार्ड मला तिथेच मिळाले होते. असे कार्ड सुरुवातीला नीट लिहिते आणि मर्यादा ओलांडली की आधीच्या फाइली नासवते, त्यामुळे दोष प्रणालीत आहे असे वाटत राहते. कोणतेही नवे कार्ड ‘एफ३’ किंवा विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत साधनाने एकदा पूर्ण भरून तपासा.

कागदपत्रांचा प्रश्न यंत्र कचेरीतून येणार असेल तर येतो. महापे, ऐरोली, रबाळे भागातल्या कंपन्या संगणक बदलतात तेव्हा जुने यंत्र ‘घेऊन जा’ असे तोंडी सांगितले जाते. तेवढ्यावर ते उचलू नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि मोठ्या संस्थांनी टाकाऊ उपकरणे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यायची आहेत. म्हणून यंत्र वापरण्याजोगे असून तुम्हाला विकले किंवा दिले जात आहे असे पत्र किंवा पावती, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि फाटकावर दाखवायचा गेट पास, एवढे हातात असू द्या. आत हार्ड डिस्क असेल तर तिच्यावर दुसऱ्याची माहिती आहे हे धरून चाला. ती चाळत बसू नका, पूर्ण पुसून मगच वापरा.

२. वीज जोडण्याआधी यंत्र उघडून पाहा

पेटी उघडण्याआधी मागच्या बाजूला एसएमपीएसवर (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) लहान लाल सरकते बटन आहे का पाहा. असेल तर त्यावर ११५ आणि २३० असे दोन आकडे असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट वीज येते. परदेशातून आलेल्या यंत्रांत ते बटन ११५ वर असू शकते आणि तसेच प्लग लावले तर एसएमपीएस एका क्षणात जातो. माझा असाच गेला. मोठा आवाज झाला, घराचा फ्यूज उडाला आणि जळका वास दोन दिवस राहिला. मदरबोर्ड वाचला, हे सुदैव. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः कधीही उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ धोकादायक भार राहतो.

आत प्रोसेसरच्या आसपासचे उभे, डब्यांसारखे कपॅसिटर नीट निरखा. त्यांचा माथा सपाट हवा. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष कपॅसिटर असलेले मदरबोर्ड जगभर विकले गेले आणि आपल्या हाती येणारी बरीच यंत्रे नेमकी त्याच काळातली असतात. माथा फुगलेला किंवा तपकिरी द्रव झिरपलेला दिसला तर त्या यंत्रावर वेळ घालवू नका. ते कधी चालेल, कधी अचानक बंद पडेल आणि तुम्ही मात्र प्रणालीत चूक शोधत बसाल.

आता खोडरबर. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा थर बसतो आणि यंत्र चालू करताच नुसत्या शिट्या ऐकू येतात. रॅम काढा, पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, चुरा झटका आणि पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मग ‘मेमटेस्ट८६+’ हे रॅम तपासणारे साधन पेनड्राइव्हवरून चालवून रात्रभर ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती रॅम बाद समजा.

मदरबोर्डवरचा सेलही याच वेळी बदला. तो संपलेला असेल तर प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे अग्राह्य ठरतात. पडद्यावर दिसते ती प्रमाणपत्राची चूक, आणि ती पाहून खऱ्या कारणाचा संशयही येत नाही.

हे झाले की वहीत लिहा: प्रोसेसरचे नाव, ३२-बिट की ६४-बिट, रॅम, डिस्कची जात आणि क्षमता, नेटवर्कची चिप, वायफायची चिप, ग्राफिक्सची चिप. कोणतेही लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून चालवून ‘एलएससीपीयू’ आणि ‘एलएसपीसीआय’ या दोन आज्ञा दिल्या की बहुतेक सगळे कळते. बाहेरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या चिपा बसवत आल्या आहेत.

३. प्रणाली यंत्राच्या मानाने निवडा

आधी प्रणाली मनात धरून नंतर यंत्र शोधणे हा उलटा क्रम आहे आणि छंद अर्ध्यावर सुटण्याचे ते मोठे कारण आहे असे मला वाटते. वहीतली नोंद समोर ठेवा आणि तिच्यावरून ठरवा.

३२-बिट यंत्र असेल तर दारे एकेक करून बंद होत आहेत हे लक्षात घ्या. लिनक्सच्या गाभ्यातून (कर्नलमधून) मूळ ३८६ प्रोसेसरचा आधार २०१३ मध्येच, ३.८ या आवृत्तीत, काढला गेला. डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले आणि फ्रीबीएसडीनेही १५ व्या मालिकेपासून ही यंत्रे सोडली. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी हे लिहिताना दोन्हीही ती सांभाळून आहेत. माझ्या नेटबुकमधला ॲटम एन२७० हा ३२-बिट प्रोसेसर आहे आणि १ जीबी रॅमवर नेटबीएसडी १० त्याच्यावर उत्तम चालते.

नेटबीएसडीचे ध्येयच मुळी असे की शक्य तितक्या यंत्रांवर चालायचे. जुने पॉवरपीसी मॅक, सन कंपनीची स्पार्क यंत्रे, व्हॅक्स, अमिगा, एआरएम पाट्या अशी तिची यादी लांबलचक आहे, आणि तिचा गाभा दुसऱ्या कोणत्याही युनिक्सवर बसून तयार करता येतो, त्यामुळे दुबळ्या यंत्राला स्वतःचा गाभा स्वतः घडवत दिवसचे दिवस बसावे लागत नाही. विचित्र किंवा दुर्मीळ यंत्र हाती आले तर पहिली हीच पाहा.

ओपनबीएसडी सुरक्षिततेसाठी ओळखली जाते आणि दर सहा महिन्यांच्या सुमारास नवी आवृत्ती काढते. तिची दस्तऐवजे मला तिघींत सर्वांत नेटकी वाटतात. फक्त फार जुन्या यंत्रावर एक गोष्ट जाणवते: दर वेळी चालू होताना ती लायब्ररींचे (अनेक प्रोग्रामांनी सामाईक वापरायच्या कोडचे) तुकडे नव्या क्रमाने जोडते आणि गाभाही नव्याने जुळवून ठेवते, म्हणजे हल्लेखोराला स्मृतीतली जागा ओळखता येऊ नये. पेंटियम ४ वर यात वेळ जातो, पण ते बिघाडाचे लक्षण नाही. ब्लूटूथ मात्र तिच्यात नाही. २०१४ मध्ये ते काढून टाकले.

६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर फ्रीबीएसडी घ्या. झेडएफएस ही तिची फाइल प्रणाली वापरून पाहण्यासारखी आहे. रॅम कमी असेल तर इन्स्टॉलरमध्ये यूएफएस ही जुनी, हलकी फाइल प्रणाली निवडा.

रास्पबेरी पाय ३ आणि ४ वर तिन्ही चालतात. मी नेटबीएसडी घेतली, कारण तिची तयार इमेज (पूर्ण डिस्कची प्रत असलेली फाइल) कार्डावर लिहिली की इन्स्टॉलरचा टप्पा लागतच नाही.

अजूनही मन ठरत नसेल तर आधी ‘क्वेमू’ या आभासी यंत्रात, म्हणजे चालू संगणकातच दुसरा संगणक उभा करणाऱ्या साधनात, तिघी बसवून पाहा. फॅब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेले हे साधन मोफत आहे आणि त्यात डिस्क पुसली गेली तरी काही बिघडत नाही. इन्स्टॉलरचे प्रश्न एकदा डोळ्यांखालून गेलेले असले की खऱ्या यंत्रासमोर हात थरथरत नाही.

४. योग्य फाइल उतरवा आणि पेनड्राइव्ह तयार करा

इथे तीन सापळे आहेत आणि तिन्हींत नवे लोक हमखास अडकतात.

पहिला नावाचा. ‘एएमडी६४’ असे लिहिलेली फाइल एएमडी कंपनीच्या प्रोसेसरपुरती नसते. ६४-बिटचा हा संच प्रथम एएमडीने आखला म्हणून नाव तसे पडले. इंटेलचा ६४-बिट प्रोसेसर असला तरी हीच फाइल घ्यायची. ३२-बिट यंत्रासाठी ‘आय३८६’ आणि एआरएम पाट्यांसाठी नेटबीएसडीत ‘इव्हबार्म’ या नावाखाली पाहा.

दुसरा प्रकाराचा. लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी चालते, म्हणून तीच सवय इथे लागते. बीएसडींमध्ये आयएसओ ही सीडीसाठी असते आणि पेनड्राइव्हसाठी वेगळी इमेज दिलेली असते. फ्रीबीएसडीत तिच्या नावात ‘मेमस्टिक’ असते, ओपनबीएसडीत शेवटी ‘आयएमजी’ असते. फाइलीच्या शेवटी ‘जीझेड’ असेल तर ती आधी उलगडावी लागते. सोबत दिलेली शा-२५६ किंवा शा-५१२ बेरीज (फाइल बिनचूक उतरली का हे सांगणारा लांब अंक) जुळते का तेही पाहा. आमच्याकडे पावसात नेट तुटून अर्धवट उतरलेली फाइल दोनदा याच तपासणीत सापडली.

तिसरा सापळा सगळ्यांत महाग पडणारा आहे. ‘डी-डी’ ही आज्ञा इमेज जशीच्या तशी पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर लिहिते आणि ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही. पेनड्राइव्हच्या नावात एक अक्षर चुकले तर तुमच्या रोजच्या संगणकाची डिस्क पुसली जाते. म्हणून पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यानंतर एकदा ‘एलएसबीएलके’ चालवा, नव्याने दिसलेले नाव आणि त्याची क्षमता वहीत लिहा, आणि वहीतूनच वाचून टंका. विंडोजवर ‘रुफस’ वापरत असाल तर डीडी पद्धत निवडा.

यंत्र २००५ च्या आधीचे असेल तर ते पेनड्राइव्हवरून मुळीच सुरू होणार नाही अशी शक्यता आहे. तेव्हा आयएसओ सीडीवर लिहिणे (बर्न करणे) हाच सोपा मार्ग आहे. नव्या यंत्रात बायोसमध्ये (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या व्यवस्थेत) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद करा.

५. डिस्कला हात लावण्याआधी यंत्राचे म्हणणे वाचा

या सगळ्या मार्गदर्शनातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झाले की काळ्या पडद्यावर ओळी झरझर सरकतात. बहुतेक जण त्या संपण्याची वाट पाहतात. वास्तविक गाभा तिथे एकेका भागाची ओळख करून घेत असतो आणि काय सापडले, काय सापडले नाही, हे लिहीत असतो. इन्स्टॉलरचा पहिला प्रश्न आला की बसवणे निवडू नका. आधी शेल, म्हणजे आज्ञा टंकायची जागा, निवडा. ओपनबीएसडीत त्यासाठी ‘एस’ दाबायचे, फ्रीबीएसडीत पहिल्याच चौकटीत ‘शेल’ असते आणि नेटबीएसडीत उपयुक्त साधनांच्या मेनूत ते सापडते. तिथे डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे टंका. त्याच ओळी पुन्हा, सावकाश वाचायला मिळतात.

वाचायचे कसे? बीएसडींमध्ये प्रत्येक उपकरणाचे नाव त्याच्या ड्रायव्हरवरून पडते आणि पुढे क्रमांक लागतो. लिनक्समध्ये लॅन पोर्टला सर्वसाधारण नाव मिळते. इथे रिअलटेकची गिगाबिट चिप असेल तर ‘आरई-०’, इंटेलची असेल तर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीत ‘ईएम-०’, नेटबीएसडीत ‘डब्ल्यूएम-०’, ब्रॉडकॉमची असेल तर ‘बीजीई-०’. नावावरूनच चिप ओळखू येते आणि त्या नावाचे मॅन पान (प्रणालीसोबतच येणारे, ‘मॅन’ या आज्ञेने उघडणारे माहितीचे पान) उघडले की तिच्या मर्यादाही कळतात. डिस्क आयडीई असेल तर नेटबीएसडी आणि ओपनबीएसडीत ‘डब्ल्यूडी-०’, पेनड्राइव्ह ‘एसडी-०’. फ्रीबीएसडीत साटा डिस्क ‘एडीए-०’ आणि पेनड्राइव्ह ‘डीए-०’. कोणते नाव डिस्कचे आणि कोणते पेनड्राइव्हचे हे इथेच वहीत लिहून ठेवा, कारण बसवताना हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

मग ‘नॉट कॉन्फिगर्ड’ हे शब्द शोधा. उपकरण दिसले पण त्याला ड्रायव्हर मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. फ्रीबीएसडीत ‘पीसीआयकॉन्फ’ ही आज्ञा अशा उपकरणांना ‘नन’ असे नाव देते. ध्वनीच्या चिपेपुढे हे शब्द दिसले तर घाबरू नका. विशेषतः ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर लहानसा गाभा घेऊन येतो, त्यात बरेच ड्रायव्हर मुद्दाम ठेवलेले नसतात आणि पूर्ण गाभ्यात तेच उपकरण चालते. डिस्क किंवा लॅनपुढे मात्र ते दिसले तर तिथेच थांबा आणि दुसरी प्रणाली वापरून पाहा. डिस्कवर अजून काही लिहिले गेलेले नाही, त्यामुळे मागे फिरायला काहीच अडचण नाही.

ओळी मध्येच गोठल्या तर शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या, फोनवर छायाचित्रही काढा. जुन्या यंत्रांत कारण बहुधा एसीपीआय, म्हणजे वीज आणि उपकरणे हाताळण्याची बायोसमधली व्यवस्था, हे असते. नेटबीएसडीच्या सुरुवातीच्या मेनूत एसीपीआय बंद ठेवून सुरू करण्याचा पर्याय आहे. ओपनबीएसडीत बूटच्या ओळीवर ‘बूट -सी’ देऊन ‘डिसेबल एसीपीआय’ म्हणता येते. माझा पेंटियम ४ असाच सुरू झाला.

६. बसवणे

पाहणी नीट झाली असेल तर हा भाग अर्ध्या तासाचा आहे. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर साधे प्रश्न विचारतो आणि एंटर दाबत गेले तरी बहुतेक उत्तरे योग्य असतात. अपवाद डिस्कचा, कारण तिथले ठरावीक उत्तर ‘पूर्ण डिस्क’ असे आहे. शेजारी विंडोज ठेवायची असेल तर तिथे एंटर दाबू नका. खरे तर पहिल्या प्रयोगाला स्वतंत्र डिस्कच वापरा आणि दुसरी डिस्क केबल काढून बाजूला ठेवा.

विभाजनाची अक्षरे गोंधळात टाकतात. बीएसडीत ‘ए’ म्हणजे मूळ विभाग आणि ‘बी’ म्हणजे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ही जुनी प्रथा आहे. ‘सी’ म्हणजे पूर्ण डिस्क, पण इंटेल यंत्रांवरच्या नेटबीएसडीत पूर्ण डिस्क ‘डी’ असते आणि ‘सी’ हा नेटबीएसडीच्या वाट्याचा भाग असतो. ‘सी’ वर, आणि नेटबीएसडीत ‘डी’ वरही, कधीही फाइल प्रणाली बनवू नका. डिस्क लहान असेल तर ओपनबीएसडीने सुचवलेली आपोआप विभागणी स्वीकारू नका. ती बरेच विभाग पाडते आणि पुढे आवृत्ती बदलताना त्यांतला एखादा भरून काम अडते.

नेटबीएसडी १० मध्ये एक टप्पा नवख्यांना बुचकळ्यात टाकतो: पुरेशी यादृच्छिकता (रँडमनेस) नाही असे सांगून इन्स्टॉलर मनाला येतील ती अक्षरे टंकायला सांगतो. जुन्या प्रोसेसरमध्ये यादृच्छिक संख्या देणारा भाग नसतो आणि गुप्त किल्ल्या तयार करायला त्या संख्या लागतात. हे टाळू नका. कीबोर्डवर भरपूर, ओळीने न येणारी अक्षरे टंका आणि पुढे जा.

वायफायचा पेच वेगळा आहे. इंटेलच्या वायफाय चिपांना लागणारे फर्मवेअर (चिपेच्या आत चालणारा प्रोग्राम) परवान्यामुळे ओपनबीएसडीच्या पेनड्राइव्हवर नसते. ते नेटवरून आणावे लागते आणि नेटसाठी वायफाय लागते. लॅन केबल ओढून राउटरला जोडा. राउटर दूर असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी दोन्हीही तो नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतात. जोडणी झाली की ओपनबीएसडीत ‘एफडब्ल्यू-अपडेट’ (fw_update) ही एकच आज्ञा पुरते.

वापरकर्ता तयार करताना त्याला ‘व्हील’ या गटात घालायला विसरू नका. गटात नसलेल्या वापरकर्त्याला बीएसडी ‘एसयू’ या आज्ञेने रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, होऊ देत नाही, पासवर्ड बरोबर असला तरी.

७. पडदा न लावता: सिरियलची जोडणी

पायसारख्या पाटीवर एचडीएमआयचा पडदा कधी उजळतो, कधी नाही आणि नेमकी अडचण असते तेव्हा तो काळा राहतो. सिरियलवर, म्हणजे दोन-तीन तारांवरून अक्षरे एकामागून एक दुसऱ्या संगणकाकडे पाठवणाऱ्या साध्या जोडणीवर, मात्र पहिल्या क्षणापासूनचे सगळे दिसते. मला या छंदात खरी गती सिरियल जोडल्यानंतर आली, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगते.

पायच्या ४० टाचण्यांपैकी तीनच लागतात: ६ क्रमांकाची जमीन (जीएनडी), ८ क्रमांकाची पाठवणारी (टीएक्स) आणि १० क्रमांकाची घेणारी (आरएक्स). कन्व्हर्टरची जमीन जमिनीला जोडा. बाकी दोन उलटसुलट, म्हणजे पायची पाठवणारी टाचणी कन्व्हर्टरच्या घेणाऱ्या टोकाला आणि पायची घेणारी टाचणी कन्व्हर्टरच्या पाठवणाऱ्या टोकाला. कन्व्हर्टरची लाल, विजेची तार मोकळी ठेवा. पायला त्याची वीज वेगळी मिळते.

पायच्या टाचण्या ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा कन्व्हर्टर लावला तर चिप निकामी होऊ शकते, आणि डेस्कटॉपच्या मागे असलेल्या नऊ टाचण्यांच्या जुन्या सिरियल पोर्टला तर पाय थेट कधीच जोडू नका, कारण तिथे याहून कितीतरी मोठा व्होल्टेज असतो. दुकानदार ‘सगळे एकच’ म्हणाला तरी जोडण्याआधी मल्टीमीटरने पाठवणाऱ्या टोकाचा व्होल्टेज मोजा. सीपी२१०२ चिपेचे, ३.३ व्होल्टचे कन्व्हर्टर मला भरवशाचे वाटले आहेत.

रोजच्या संगणकावर ‘मिनिकॉम’, ‘स्क्रीन’ किंवा ‘सीयू’ यांपैकी एक उघडा आणि वेग १,१५,२०० ठेवा. अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसला तर वेग चुकला आहे. काहीच दिसले नाही तर पाठवणारी आणि घेणारी या दोन तारा अदलाबदल करून पाहा. तरीही काही नसेल तर कार्डावरच्या ‘कॉन्फिग’ फाइलीत ‘इनेबल-यूआर्ट’ (enable_uart) चे मूल्य १ आहे का ते तपासा.

पाय मध्येच स्वतःहून पुन्हा सुरू होत असेल तर आधी चार्जरचा संशय घ्या. पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअर लागतात. मोबाइलचा साधा चार्जर आणि बारीक तारेची लांब केबल हे जमवू शकत नाहीत.

जुन्या डेस्कटॉपला सिरियलवरून हाताळायचे असेल तर नल मोडेम केबल (पाठवणारी-घेणारी तार आतच उलटसुलट जोडलेली केबल) आणि यूएसबी-आरएस२३२ कन्व्हर्टर घ्या. ओपनबीएसडीच्या बूटच्या ओळीवर ‘सेट टीटीवाय कॉम-०’ टंकले की सगळे संदेश तिकडे वळतात. तिथला ठरलेला वेग ९६०० असतो.

८. पहिल्यांदा सुरू झाल्यावर

नेटबीएसडी आणि ओपनबीएसडीत ‘आफ्टरबूट’ नावाचे मॅन पान आहे. पहिल्या दिवशी काय काय तपासायचे ते त्यात क्रमाने दिले आहे. ते पूर्ण वाचा, मग पुढचे करा. ओपनबीएसडी रूटच्या टपालपेटीत स्वागताचे पत्रही ठेवते, तेही वाचण्यासारखे आहे.

वेळ साडेपाच तासांनी चुकलेली दिसली तर घड्याळ बिघडलेले नाही. बीएसडी यंत्रातले घड्याळ जागतिक वेळेवर आहे असे धरतात, विंडोज ते स्थानिक वेळेवर ठेवते. विभाग ‘आशिया/कोलकाता’ निवडा आणि नेटवरून वेळ जुळवणारी सेवा चालू ठेवा.

नेटबीएसडीत ‘आरसी-कॉन्फ’ (rc.conf) ही कोणत्या सेवा चालू ठेवायच्या ते सांगणारी फाइल बदलताना चूक झाली तर पुढच्या वेळी यंत्र एकट्या वापरकर्त्याच्या अवस्थेत थांबते आणि मूळ विभाग फक्त वाचता येतो. पुन्हा सगळे बसवू नका. ‘माउंट -यू /’ ही आज्ञा देऊन तो लिहिण्याजोगा करा, फाइल दुरुस्त करा आणि बाहेर पडा.

मराठी वाचायची असेल तर काळ्या पडद्यावर ती अपेक्षा धरू नका. मजकुरी पडद्याला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. एक्स खिडकी प्रणाली (चित्रे आणि खिडक्या दाखवणारा पडदा) चालू करून नोटो किंवा लोहित घराण्यातला देवनागरी टंक बसवला की फायरफॉक्समध्ये मराठी नीट दिसते.

वीज जाते तेव्हा चालू यंत्र जोराने बंद पडते आणि पुढच्या वेळी ‘एफएससीके’ ही डिस्कची तपासणी आपोआप होते. जुन्या, मोठ्या डिस्कवर तिला बराच वेळ लागतो. ती मध्येच तोडू नका. पावसाळ्यात यंत्र महिना-महिना बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर चालवणे मला फायद्याचे दिसले आहे, आतली ओल त्यामुळे निघून जाते.

९. यंत्राचे संदेश जपून ठेवा आणि कळवा

प्रणाली पूर्ण बसल्यावर पुन्हा एकदा डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरांची आज्ञा देऊन तेच संदेश काढा आणि फाइलीत साठवा. पुढे आवृत्ती बदलल्यावर एखादे उपकरण बंद पडले तर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ‘डिफ’ ने फरक पाहता येतो आणि दोष कुठे आला ते काही मिनिटांत समजते.

ओपनबीएसडीचे विकासक हे संदेश स्वतःहून मागतात, कारण जगातली सगळी यंत्रे त्यांच्या टेबलावर नसतात. पत्ता स्वागताच्या पत्रात आणि त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर दिलेला आहे. साध्या मजकुरात, संदेश न कापता, पूर्ण पाठवा. विषयाच्या ओळीत यंत्राची कंपनी आणि मॉडेल लिहा आणि आवाज, वायफाय, झोपवून पुन्हा उठवणे यांतले काय चालते आणि काय चालत नाही, ते एका वाक्यात सांगा.